पुढचे शंभर मिलिसेकंद : गेमच्या आवाजामागची तीस वर्षांची घाई

[या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना जिथे आवाजाचे नमुने होते, तिथे चौकटी कंसात तसं लिहिलं आहे.]

आज सुरुवात एका आवाजानेच करू.

[इथे हँग झालेल्या जुन्या गेमचा आवाज ऐकवला आहे.]

ओळखलात? गेम अडकतो तेव्हाचा हा आवाज. चित्र जागच्या जागी थिजतं, माउस हलत नाही, कीबोर्ड बडवून उपयोग नाही. आवाजाचा शेवटचा तुकडा मात्र पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा वाजत राहतो. जुन्या पीसीवर खेळलेल्यांना हा प्रकार पाठ असेल. मोबाइलवर तो क्वचितच घडतो, पण त्याचा धाकटा भाऊ तिथेही भेटतो. मॅच ऐन भरात असते, फोन तापलेला असतो, आणि मध्येच कानात कडकड होऊन आवाज तुटतो.

आता जरा विचार करा. गेम अडकलाय म्हणजे प्रोसेसर त्या गेमचं पुढचं काहीच काम करत नाहीये. मग आवाज वाजवतंय कोण?

या एका प्रश्नाच्या मागे लागलो की गेमच्या आवाजाचा इतिहास उलगडत जातो. ग्राफिक्सचा इतिहास सगळेच सांगतात. कुठल्या कार्डाने किती त्रिकोण काढले, सावल्या कधी आल्या, पाणी कधी खरं दिसायला लागलं, वगैरे. आवाजाबद्दल कोणी फार बोलत नाही. पण माझं मत विचाराल तर इंजिनातलं आवाजाचं काम चित्रापेक्षा निर्दय आहे. का, ते आधी बघू.

सेकंदाला तीस फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या वेळी ५० लागले तर काय होतं? आधीचं चित्र जरा जास्त वेळ दिसतं. डोळा सांभाळून घेतो. आवाजाचं तसं नाही. डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीला सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात, नव्वदच्या दशकातल्या गेमना बहुतेक वेळा ११,०२५. प्रत्येक आकडा सांगतो की स्पीकरचा पडदा या क्षणी नेमका कुठे असायला हवा. ११,०२५ च्या हिशोबाने दर ९० मायक्रोसेकंदांनी पुढचा आकडा हजर पाहिजे. नसला, तर पडदा भलतीकडे उडी मारतो आणि तुम्हाला 'टक्' ऐकू येतं. कान हे माफ करत नाही.

म्हणून बफर. बफर म्हणजे तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी समजा. नगरपालिकेचं पाणी येतं तासभर, नळ चालतो दिवसभर, कारण मध्ये टाकी आहे. इंजिन जमेल तेव्हा आकडे बनवून टाकीत ओततं आणि स्पीकर आपल्या गतीने ते पीत राहतो.

पण टाकीची एक गोम आहे. आज तुम्ही पाण्यात गुलाबी रंग टाकला, तर नळाला गुलाबी पाणी कधी येणार? आधीचं टाकीतलं पाणी संपल्यावर. टाकी मोठी असेल तर नळ कधी कोरडा पडत नाही, पण नवं पाणी उशिरा येतं. टाकी छोटी असेल तर नवं पाणी लगेच, पण पुरवठा जरा हुकला की नळ फुस्स. गेममध्ये हेच. तुम्ही ट्रिगर दाबला हे नवं पाणी. बफर मोठा असला तर बार उशिरा ऐकू येतो, छोटा असला तर आवाज तुटतो. तर, किती पुढचा आवाज आधी बनवून ठेवायचा? गेल्या तीसेक वर्षांत चिप बदलल्या, कंपन्या आल्या-गेल्या, हा प्रश्न काही हललेला नाही.

हमाल आणि रहाट

१९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर नावाचं कार्ड बाजारात आणलं. सिम वाँग हू या माणसाने १९८१ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. त्याआधी पीसीच्या पोटात एक पिटुकला स्पीकर असायचा, तो बीप करायचा. ॲडलिबसारखं कार्ड असेल तर संगीत वाजायचं, पण ते चिपने सूर घडवून काढलेलं संगीत. रेकॉर्ड केलेला खरा आवाज, म्हणजे बंदुकीचा बार किंवा राक्षसाची डरकाळी, घरच्या पीसीवर वाजवणं सामान्य झालं ते साउंड ब्लास्टरमुळे.

आता दर ९० मायक्रोसेकंदांनी प्रोसेसरने स्वतः उठून कार्डाला एकेक आकडा नेऊन द्यायचा म्हटलं तर बिचाऱ्याला बाकी काही सुचणारच नाही. त्यासाठी मदरबोर्डवर डीएमए नावाची चिप होती. तिला आपण हमाल म्हणू. प्रोसेसर सांगतो, 'मेमरीत या पत्त्यापासून इतके बाइट ठेवलेत, एकेक करून कार्डाला पोचव.' हमाल कामाला लागतो, प्रोसेसर गेम चालवायला मोकळा. सगळा माल पोचला की कार्ड घंटी वाजवतं. या घंटीला इंटरप्ट म्हणतात.

सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरमध्ये घोळ इथेच होता. एक खेप संपली की हमाल थांबायचा. घंटी वाजायची, प्रोसेसर हातातलं काम टाकून यायचा, नवा पत्ता द्यायचा, मग पुढची खेप सुरू. या येण्याजाण्यात जो क्षणभर खंड पडायचा तो कानाला टिचकीसारखा ऐकू यायचा. लांबलचक आवाज असेल तर दर खेपेला टक्, टक्, टक्.

१९९१ च्या साउंड ब्लास्टर २.० मध्ये यावर इलाज आला. हमालाला सांगायचं की शेवटच्या बाइटला पोचलास की थांबू नको, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. प्रोसेसरने फक्त एक करायचं. बफरचे दोन भाग मानायचे, हमाल पहिला भाग उचलत असताना दुसऱ्यात नवा आवाज लिहायचा आणि तो दुसऱ्यावर गेला की पहिल्यात. खंड नाही, टिचकी नाही.

विहिरीवरचा रहाट बघितलाय का कोणी? कोकणात आजी-आजोबांना विचारा. चाकावर माळेसारखी गाडगी बांधलेली असतात, खाली भरतात, वर येऊन ओततात, पुन्हा खाली जातात. तीच गाडगी, गोल गोल. हा फिरता बफर तसाच आहे. फरक एवढाच की इथली गाडगी ओतल्यावर रिकामी होत नाहीत. तुम्ही त्यात नवं भरलं नाही, तर पुढच्या फेरीला जुनंच पुन्हा ओतलं जातं.

सुटलं कोडं? गेम मेला तरी हमाल मेलेला नसतो. त्याला कोणी थांब म्हणालेलं नाही. तो इमाने इतबारे तोच तुकडा फिरवत बसतो.

(जाता जाता : डॉसच्या काळात गेम बसवताना 'पत्ता २२०, इंटरप्ट ५ की ७, डीएमए १' असले प्रश्न विचारले जायचे. ते याच हमालाचे आणि घंटीचे नंबर. एक आकडा चुकला की गेम मुका.)

डूम : उसना आवाज

१० डिसेंबर १९९३. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअरच्या छोट्याशा टीमने डूम बाहेर काढला. त्याचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक ग्राफिक्ससाठी जगभर प्रसिद्ध झाला, पण डूममध्ये आवाज वाजवणारा खालचा कोड त्याचा नव्हता. तो पॉल रॅडेक यांच्या डीएमएक्स नावाच्या लायब्ररीचा होता, परवाना घेऊन वापरलेला. बाजारात तेव्हा दहा तऱ्हेची साउंड कार्डं होती, प्रत्येकाशी वेगळी भाषा बोलायची, तर ही कटकट दुसऱ्याने सोडवलेली असेल तर घ्या की विकत! व्यवहार म्हणून बरोबरच होतं.

डूममधला प्रत्येक आवाज बहुतेक ११,०२५ च्या दराचा, ८ बिटचा, मोनो. एका वेळी किती आवाज वाजवायचे ते सेटअपमध्ये ठरवता यायचं, जास्तीत जास्त आठ. आणि जागा भरलेल्या असताना नवा आवाज आला तर? इंजिन बघायचं की चालू असलेल्यांपैकी कमी महत्त्वाचा कोण. सापडला तर त्याला उठवून नव्याला बसवायचं, नाहीतर नवाच परत. एसटीत आरक्षित सीट असते, तसा कारभार.

यातून एक भन्नाट चोरवाट निघाली. डूमचा नियम होता की एका जीवाचा एका वेळी एकच आवाज. त्यात बीएफजी ही सगळ्यात मोठी तोफ, सुटण्याआधी मोठ्याने गुरगुरते. दोघे मित्र समोरासमोर खेळताना ती गुरगुर ऐकून समोरचा पळायचा. मग लोकांनी शोधलं की तोफ डागता डागता भिंतीवर 'वापर'चं बटण दाबलं की आपला गडी 'उफ्' करतो, आणि जीव एक, आवाज एक, या नियमाने ते 'उफ्' गुरगुरीला मधेच कापून टाकतं. तोफ मुकी! ही युक्ती 'सायलेंट बीएफजी' नावाने आजही ओळखली जाते. आवाजाच्या जागा कशा वाटायच्या हा वरवर कंटाळवाणा कारकुनी निर्णय, पण त्यावर माणसं हरली-जिंकली आहेत.

पण उसन्या आवाजाची खरी किंमत चार वर्षांनी कळली. २३ डिसेंबर १९९७ ला इडने डूमचा सोर्स कोड जगासाठी खुला केला. मोठी गोष्ट होती ती. पण जो डूम लोकांनी घराघरात खेळला, तो डॉसवरचा, त्याचा कोड देता आला नाही. कारण त्यात डीएमएक्स होती, आणि ती इडच्या मालकीची नव्हती. दिली गेली ती लिनक्सची आवृत्ती. सोबतच्या टिपणात कार्मॅकने साफ लिहिलं की ती लायब्ररी वापरणं ही चूक होती, आता मी आवाजाचा कोड स्वतः लिहितो.

मला हे वाचून नेहमी आश्चर्य वाटतं. एवढ्या मोठ्या गेमचं घर बांधलं, आणि एका खोलीची किल्ली दुसऱ्याकडे राहिली म्हणून सबंध घर दाखवता येईना.

लिनक्सच्या आवृत्तीत आवाजाचं काय केलं होतं, तेही मजेशीर आहे. आवाजासाठी चक्क वेगळा प्रोग्रामच होता. गेम त्याला निरोप पाठवायचा, 'अमुक आवाज, एवढ्या जोरात, डाव्या बाजूला', आणि तो बाजूला बसून आठ आवाज एकत्र करत राहायचा. एका वेळी ५१२ आकड्यांचा घास, म्हणजे ११,०२५ च्या दराने साधारण ४६ मिलिसेकंदांचा. चित्र काढणाऱ्याचा आणि आवाज वाजवणाऱ्याचा संसार वेगळा करायचा, ही कल्पना लक्षात ठेवा. शेवटी आपण परत तिथेच येणार आहोत.

क्वेक : घड्याळ कोणाचं?

२२ जून १९९६ ला क्वेक आला, आणि या वेळी आवाजाचा कोड इडचा स्वतःचा होता. त्यामुळेच १९९९ च्या डिसेंबरमध्ये क्वेकचा कोड खुला झाला तेव्हा आवाजासकट खुला झाला. आज तुम्ही फोनवरसुद्धा तो उघडून वाचू शकता. मी वाचलाय, आणि या भागात जरा इथे रेंगाळणार आहे.

क्वेकने फिरता बफरच वापरला. पण 'घंटी वाजली की अर्धा भाग भरा' ही पद्धत सोडून दिली. त्याऐवजी दर फ्रेमला इंजिन विचारतं, 'हमालदादा, आत्ता कुठपर्यंत आलात?' डॉसवर त्यासाठी थेट डीएमए चिपचा काउंटर वाचला जायचा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टसाउंडला विचारलं जायचं. त्यावरून इंजिन दोन खुणा ठेवतं. एक, स्पीकरने कुठपर्यंत वाजवलंय. दुसरी, आपण कुठपर्यंत लिहून ठेवलंय. दुसरी खूण पहिलीच्या पुढे राहिली पाहिजे. बस, सगळा खेळ एवढाच.

यातला बारकावा बघा. इथे घड्याळ गेमचं नाही, साउंड कार्डाचं आहे. चित्र काढायला वेळ लागो न लागो, कार्ड आपल्या गतीने चालत राहणार. इंजिनाने त्याच्या पुढे पळायचं. म्हणजे रेल्वेच्या पुढे रूळ टाकत जायचं.

आणि किती पुढे पळायचं? त्यासाठी क्वेकमध्ये एक सेटिंग आहे, मिक्सअहेड. त्याची किंमत ०.१. एक दशांश सेकंद, म्हणजेच शंभर मिलिसेकंद.

का शंभर? कोडमध्ये कारण लिहिलेलं नाही, पण हिशोब मांडता येतो. क्वेक तेव्हाच्या मशीनला फार जड होता. सेकंदाला दहाच फ्रेम निघाल्या तर एका फ्रेमला शंभर मिलिसेकंद. म्हणजे एवढा साठा असेल तर रखडणाऱ्या कॉम्प्युटरवरही आवाज कसाबसा पुरतो. त्याहून हळू झालं तर? त्यासाठी आणखी एक तजवीज. चित्र काढण्याचं काम चालू असतानाच मधेमधे थांबून आवाजाचा कोड एकदा हाकारला जातो, की बाबा, साठा संपत आला असेल तर भरून घे. भाजी फोडणीला टाकून मधेच दुधाकडे बघून येतात ना, तसं.

तरीही कधी इंजिन मागे पडलंच, म्हणजे स्पीकरची खूण लिहिण्याच्या खुणेच्या पुढे गेली, तर क्वेक फार रडारड करत नाही. हुकलं ते हुकलं, आताच्या जागेपासून पुन्हा लिहायला सुरुवात. तिथे चुकीचा संदेश छापण्याची एक ओळ आहे, आणि ती कोणीतरी बंद करून ठेवलेली आहे. बहुधा सारखीच छापली जात असावी! हा माझा तर्क.

या शंभर मिलिसेकंदांची किंमत खेळाडू मोजायचा. नवा आवाज सुरू होतो तो जिथवर लिहून झालंय त्याच्या पुढून. म्हणजे बंदूक झाडली की बार ऐकू यायला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उशीर. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. शंभर मिलिसेकंद म्हणजे ३४ मीटर. क्रिकेटच्या खेळपट्टीच्या जवळपास पावणेदोन पट अंतरावर उभं राहून तुम्ही स्वतःच्याच हातातल्या बंदुकीचा आवाज ऐकताय, असा त्याचा अर्थ.

विंडोजवर क्वेकचा फिरता बफर ६४ किलोबाइटचा होता. ११,०२५ चा दर, १६ बिट, स्टीरिओ, असा गुणाकार केला तर तो सुमारे दीड सेकंदाचा होतो. पण ताजा माल त्यात फक्त पुढचे शंभर मिलिसेकंद. उरलेला सगळा वाजून गेलेला, शिळा. गेम अडकला की आधी तेवढा ताजा तुकडा वाजतो, आणि मग दीड सेकंदाचं शिळं कीर्तन अखंड सुरू. म्हणूनच नवी लेव्हल लोड व्हायच्या आधी क्वेक बफर पुसून घ्यायचा. नाहीतर डिस्क खरखरत असेपर्यंत मागचीच किंकाळी दहा वेळा ऐकावी लागली असती.

अजून दोन गमती सांगतो आणि क्वेक सोडतो. पहिली. एकाच फ्रेममध्ये अगदी तोच आवाज दोनदा सुरू झाला, समजा दोन खिळे एकदम भिंतीत घुसले, तर दोन्ही लाटा तंतोतंत जुळून नुसता आवाज दुप्पट मोठा होतो. खोटा वाटतो. क्वेक काय करतो, तर दुसऱ्याचा सुरुवातीचा थोडा भाग गाळतो. किती, ते फासे टाकून, एक दशांश सेकंदापर्यंत काहीही. तेवढ्याने कानाला ते दोन वेगळे खिळे वाटतात. दुसरी गंमत म्हणजे आवाज कमी-जास्त करायला खरं तर प्रत्येक आकड्याचा गुणाकार हवा. तेव्हा गुणाकार महाग. म्हणून आवाजाच्या ३२ पातळ्या आणि ८ बिटचे २५६ आकडे यांचा पाढा आधीच बनवून ठेवलाय. गुणायचं नाही, पाढ्यात बघायचं. शाळेत आपल्याला पाढे पाठ करायला लावायचे ते काही उगीच नाही.

आणि क्वेकचं संगीत? ट्रेंट रेझ्नर आणि नाइन इंच नेल्सचं. ते या सगळ्या भानगडीत नव्हतंच. ते सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं असायचं, इंजिन नुसतं 'अमुक नंबरचा ट्रॅक लाव' म्हणायचं आणि सीडी ड्राइव्ह वाजवायचा. त्यामुळे चित्र रखडो की अडखळो, संगीत मख्खपणे चालू.

कॅफेतला ०.१

आता तुम्ही म्हणाल, क्वेकशी आमचा काय संबंध? आहे ना. १९९८ चा हाफ-लाइफ क्वेकच्या इंजिनाचा परवाना घेऊन बनला. हाफ-लाइफवर काउंटर-स्ट्राइक उभा राहिला. आणि काउंटर-स्ट्राइक १.६ म्हणजे पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत सायबर कॅफेत तासाच्या पैशांवर खेळला गेलेला गेम. त्याच्या कन्सोलमध्ये मिक्सअहेड लिहून बघितलं तर उत्तर यायचं, ०.१. क्वेकचाच वारसा. काही हुशार पोरं ते खाली आणायची, ०.०५ वगैरे, कारण भिंतीपलीकडचं पाऊल पन्नास मिलिसेकंद आधी ऐकू आलं तर काय वाईट? कॅफेतलं मशीन दणकट असेल तर चालून जायचं. जुनाट असेल तर हेडफोनमध्ये लाह्या फुटायच्या, मग परत ०.१.

मधल्या काळात एक वेगळंच वळण आलं होतं, ते पटकन सांगतो. नव्वदच्या शेवटी सगळ्यांना वाटलं की आवाज मिसळण्याचं काम साउंड कार्डच करेल, जसं चित्राचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. ऑरियल कंपनीची ए-थ्रीडी, क्रिएटिव्हची ईएएक्स, त्यांच्यात कोर्टकज्जा, ऑरियल खटला जिंकूनही दिवाळखोरीत गेली आणि क्रिएटिव्हनेच तिची मालमत्ता विकत घेतली. सिनेमा निघेल यावर. पण २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि मायक्रोसॉफ्टने आवाजाची व्यवस्था नव्याने बांधताना डायरेक्टसाउंडचा हार्डवेअरचा रस्ताच बंद केला. तोवर प्रोसेसर इतके वेगवान झाले होते की आवाज मिसळणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. फिरून काम परत प्रोसेसरकडे, क्वेकसारखं. आता मात्र हमाल आणि गेम यांच्या मध्ये ऑपरेटिंग सिस्टीम बसली. अडकलेल्या गेमचं ते शिळं कीर्तन आज फारसं ऐकू येत नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

खिशातल्या टाक्या

आणि मग फोन आले. अँड्रॉइडमध्ये एक टाकी नाही, टाक्यांची माळ आहे. गेमची एक, सिस्टीमच्या मिक्सरची एक, कारण गेमच्या आवाजात व्हॉट्सॲपची टिंग पण मिसळायची असते, आणि मग खाली हार्डवेअरची. प्रत्येकाने आपापल्या सुरक्षिततेसाठी थोडं थोडं पाणी साठवलं. बेरीज शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज. तबल्याचं ॲप उघडून पडद्यावर थाप मारली तर बोल नंतर उमटायचा. आयफोनवर तीच ॲप व्यवस्थित चालायची. सुरुवातीच्या काळात संगीताची चांगली ॲप्स आधी आयफोनवर का यायची, त्याचं हे एक कारण.

गूगलने हे टप्प्याटप्प्याने आवळत आणलं. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ मध्ये सिस्टीमच्या मिक्सरला एक जलद रस्ता मिळाला. पण अट अशी की गेमने फोनच्या मूळ दरानेच आवाज द्यायचा. बहुतेक फोनचा दर ४८,०००. तुम्ही ४४,१०० ने दिला की मधे कोणीतरी दर बदलायला बसतो आणि तुम्ही परत मोठ्या रांगेत. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत एऑडिओ आली, आणि पुढच्या वर्षी ओबो नावाची मोफत लायब्ररी, जी नव्या फोनवर एऑडिओ वापरते आणि जुन्यावर जुना मार्ग.

एऑडिओमध्ये हार्डवेअर एका घासात किती आकडे उचलतं ते आधी कळतं. समजा १९२. ४८,००० च्या दराने तो घास ४ मिलिसेकंदांचा. सुरुवातीला दोनच घासांचा साठा ठेवायचा. सिस्टीम मोजत असते की किती वेळा साठा कोरडा पडला. तो आकडा वाढलेला दिसला की आणखी एक घास वाढवायचा. पुन्हा पडला, पुन्हा एक. म्हणजे कॅफेतली पोरं जे कन्सोलमध्ये हाताने करत होती, ०.०५ लाव, लाह्या फुटल्या, परत वाढव, तेच आता फोन स्वतः करतो. प्रत्येक फोनचा ०.१ वेगळा.

मात्र यासाठी गेमच्या बाजूनेही शिस्त लागते. आवाज भरणारा कोड वेगळ्या धाग्यात चालतो, डूमच्या त्या वेगळ्या प्रोग्रामची आठवण करून देणारा. त्या धाग्यात कोणाची वाट बघायची नाही. फाइल वाचायची नाही, नवी मेमरी मागायची नाही, दुसऱ्याने लावलेल्या कुलपापाशी थांबायचं नाही. चार मिलिसेकंदांत घास तयार म्हणजे तयार. संगीताची मोठी फाइल उलगडायची असेल तर तिसऱ्या धाग्याने आधी उलगडून छोट्या फिरत्या बफरमध्ये ठेवायची, याने फक्त उचलायची. तुमच्यापैकी कोणी युनिटी शिकत असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये बफरच्या आकाराचे पर्याय दिसतील. एक कमीत कमी उशिराचा, एक मधला, एक मशीनवर कमी ताण टाकणारा. न बघता पुढे जाऊ नका. स्वस्त फोनवर पंचवीस आवाज एकदम वाजवून बघा आणि मग ठरवा.

[इथे एकच गेम दोनदा ऐकवला आहे : आधी वायरचे इअरफोन, मग ब्लूटूथ.]

ऐकलंत? गेम तोच, फोन तोच. दुसऱ्या वेळी पडद्यावर बंदुकीची ठिणगी उडाली आणि बार मागून आला. इंजिनवाल्यांनी चार-चार मिलिसेकंद वाचवायला वर्षं घातली, आणि आपण ब्लूटूथ लावून शंभर-दोनशे मिलिसेकंदांची आणखी एक टाकी माळेत जोडून देतो. कारण हवेतून पाठवायचा तर आवाज आधी दाबून छोटा करायला लागतो, पलीकडे इवल्याशा इअरबडमध्ये तो परत फुगवायला लागतो, आणि सिग्नल हुकला तर तुटू नये म्हणून तिथेही साठा असतो. काही इअरबडमध्ये 'गेम मोड' असतो, तो मुख्यतः हा साठाच कमी करतो. तो लावून गर्दीच्या लोकलमध्ये खेळून बघा. आवाज लवकर येईल, आणि दादरला डबा भरला की अधूनमधून तुटेलही.

वायरचे जुने इअरफोन ड्रॉवरमध्ये पडले असतील तर आज रात्रीच्या मॅचला ते लावा. पावलं कुठून येतायत ते ऐका, आणि फरक पडला का ते खाली लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात.